‘बोलेल हो, घाई कशाला?’ : बाळाच्या विकासाची तपासणी आणि ती करणाऱ्यांचं प्रशिक्षण

मूल दोन वर्षांचं झालं आणि अजून बोलत नाही म्हटलं, की घरात प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. ‘मुलगे उशिराच बोलतात.’ ‘याचा बाबा चौथ्या वर्षी बोलला, आता कुणाला बोलू देत नाही.’ ‘मधात वेखंड उगाळून चाटवा.’ शेजारची काकू मोबाइलला दोष देते, व्हॉट्सॲपवर ‘व्हर्च्युअल ऑटिझम’चा, म्हणजे स्क्रीन जास्त बघून ऑटिझमसारखी लक्षणं येतात असं सांगणारा, फॉरवर्ड येतो. एक डॉक्टर म्हणतात सहा महिने थांबा. दुसरे वीस प्रश्नांचा कागद हातात देतात. तेवढ्यात ओळखीचं कुणीतरी थेट थेरपी सेंटरचा नंबर पाठवतं.

आईबाप गोंधळतात यात नवल नाही. पण या गोंधळात सगळा दोष मोबाइलचा किंवा आजीचा नाही. बाळाला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा जे बघतात, म्हणजे बालरोगतज्ज्ञ, गावातले फॅमिली डॉक्टर, नर्स, आशाताई, अंगणवाडीताई, त्यांच्यापैकी बहुतेकांना ताप, वजन आणि लस यांचं शिक्षण मिळालेलं असतं. मूल वेळेवर ‘घडतंय’ का हे कसं बघायचं, याचा सराव मात्र फार थोड्यांचा झालेला असतो.

वाढ वेगळी, विकास वेगळा

वाढ म्हणजे वजन, उंची, डोक्याचा घेर. काट्यावर ठेवलं, टेप लावली, आकडा मिळाला. विकास म्हणजे मूल काय काय करू लागलं: मान धरली, बसलं, चिमटीत मुरमुरा उचलला, नावाने हाक मारल्यावर वळलं, ‘दे’ म्हटल्यावर दिलं. यातल्या ठळक खुणांना विकासाचे टप्पे म्हणतात. गुटगुटीत बाळाचाही विकास रेंगाळू शकतो, आणि काट्यावर सगळं आलबेल दिसल्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

टप्प्यांना एकच तारीख नसते, पट्टा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांवर केलेल्या अभ्यासात, आधाराशिवाय चालण्याचा पट्टा साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला दिसला. म्हणजे शेजारची सोनू दहाव्या महिन्यात चालली आणि आपला चिंटू चौदाव्यात, तर दोघंही ठीक. पण अठरा महिने उलटून गेले तर ते ‘प्रत्येक मूल वेगळं असतं’ या वाक्यात बसत नाही.

नजर, चाळण आणि निदान

लोकांचा बहुतेक घोटाळा इथेच होतो, कारण तीन वेगळी कामं एकाच नावाने चालवली जातात.

पहिलं काम म्हणजे सतत नजर ठेवणं. दर भेटीला ‘काही काळजी वाटते का?’ विचारायचं, बाळाशी दोन मिनिटं खेळायचं, आधीच्या नोंदी बघायच्या. दुसरं काम स्क्रीनिंग, म्हणजे चाळण लावणं. ठरावीक वयाला, ठरावीक प्रश्नांनी, सगळ्या मुलांना, कुणी ठणठणीत दिसत असलं तरीही. चाळणीवर जे राहतं ते सगळेच खडे नसतात, थोडे जाड दाणेही असतात. हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. ते हातात घेऊन बघणं हे तिसरं काम, सविस्तर तपासणी आणि निदान. ते तज्ज्ञांचं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना ९, १८ आणि ३० महिन्यांना विकासाची चाळण लावायला सांगते, आणि १८ व २४ महिन्यांना ऑटिझमसाठी वेगळी. ऑटिझम म्हणजे दुसऱ्या माणसाशी संवाद साधण्याची आणि नातं जोडण्याची मेंदूची घडणच निराळी असणं. वरचा तो वीस प्रश्नांचा कागद बहुधा याच दुसऱ्या चाळणीचा, एम-चॅटचा, असतो. तो १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. त्यात जास्त गुण आले म्हणून मुलाला ऑटिझम ‘झाला’ असं होत नाही, आणि गुण कमी आले म्हणून आईची शंका खोटी ठरत नाही.

एक पेन आणि किल्ल्यांचा जुडगा

चाळण महाग असते हा समज आधी काढून टाकू. बडोद्याच्या विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवर काम करून विकासाच्या वयांची मोजमापं बसवली. त्यांच्या पायावर केरळमधल्या चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरमध्ये डॉ. एम. के. सी. नायर आणि सहकाऱ्यांनी त्रिवेंद्रम तक्ता तयार केला. तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत फक्त १७ गोष्टी: हसून प्रतिसाद देणं, पेनामागे नजर फिरवणं, एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात घेणं, टाळ्या वाजवणं, दोन शब्द बोलणं, बाहुलीचे अवयव दाखवणं वगैरे. साहित्य जवळपास काहीच नाही, पेन आणि किल्ल्यांच्या जुडग्यावर बहुतेक काम होतं. वेळ पाचसात मिनिटं.

तक्त्यावर प्रत्येक गोष्टीसमोर एक आडवी जाड रेघ असते. तिचं डावं टोक म्हणजे १०० पैकी ३ मुलांना ती गोष्ट जमते ते वय, आणि उजवं टोक म्हणजे ९७ मुलांना जमते ते वय. समोरच्या बाळाचं वय जिथे येतं तिथे पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडे जी रेघ पूर्ण संपलेली आहे, ती गोष्ट बाळाला यायलाच हवी. एक जरी येत नसेल, तरी पुढे पाठवायचं.

इतकं सोपं आहे. मग अडतं कुठे? पेन्सिल धरणाऱ्या हातापाशी.

‘बोटाने दाखवतो का?’ ‘हो.’

दीड वर्षाच्या मुलाची आई समोर बसली आहे. लसीकरणाचा दिवस, बाहेर रांग, मूल रडतंय. नर्स विचारते, ‘बोटाने दाखवतो का?’ आई म्हणते, ‘हो.’ रकान्यात बरोबरची खूण पडते.

आता हाच प्रश्न दुसऱ्या पद्धतीने. ‘पाणी हवं असलं की काय करतो?’ आई म्हणते, ‘माझा हात धरून माठापाशी नेतो आणि माझाच हात माठावर ठेवतो.’ ‘आणि खिडकीत कावळा आला तर? तुम्हाला दाखवतो?’ आई थबकते. ‘नाही हो. तो आपला एकटाच बघत बसतो.’

दोन्ही वेळा आई खरंच सांगत होती. पहिल्या वेळी तिने ‘दाखवतो’चा अर्थ ‘त्याला काय हवं ते मला कळतं’ असा घेतला. हात धरून नेणं आणि बोट दाखवणं यात मोठा फरक आहे. त्यातही ‘मला दे’ म्हणून बोट दाखवणं वेगळं, आणि ‘बघ, किती मजा!’ म्हणून दाखवणं वेगळं. दुसरं दीड वर्षापर्यंत दिसलं नाही, तर ऑटिझमची चाळण लावायला हवी. हा फरक ऐकून माहीत होतो, पण गर्दीच्या ओपीडीत तो पकडायला सराव लागतो.

अनुभवी डॉक्टरांना नुसतं बघूनच कळतं, असं म्हणणारे भेटतात. ठळक अडचण त्यांना दिसतेच, वाद नाही. पण दहा मिनिटांच्या भेटीत मूल एक तर रडत असतं, नाही तर झोपलेलं असतं. नुसत्या अंदाजावर सौम्य विलंब निसटतात, म्हणून तर चाळणी बनवाव्या लागल्या. फिलाडेल्फियात दोन हजारांवर मुलांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या गटांत विभागलं होतं. ठरावीक प्रश्नावली वापरलेल्या गटांतल्या मुलांचा विलंब जास्त वेळा आणि लवकर पकडला गेला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रशिक्षणात शिकवायचं काय?

एका हॉटेलात दिवसभर स्लाइड दाखवून, जेवण देऊन, प्रमाणपत्र वाटून हे जमत नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन. त्या दिवशी ज्ञान वाढतं, सोमवारी ओपीडी तशीच चालते.

विचारण्याची रीत ही पहिली गोष्ट, ती वर आलीच. वय मोजणं ही दुसरी. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे. बाळ ३२ आठवड्यांना जन्मलं असेल तर ते आठ आठवडे आधी आलेलं आहे. जन्मतारखेने नऊ महिन्यांच्या अशा बाळाला सात महिन्यांच्या मापाने तोलायचं. हा हिशोब साधारण दोन वर्षांपर्यंत लावतात. तो विसरला तर ठीक असलेलं बाळ अडकतं. उलट दिशेची चूकही होते. ‘लवकर जन्मलाय ना, मग चालायचंच’ म्हणत खरा विलंबही झाकला जातो, आणि लवकर जन्मलेल्या बाळांनाच तर जास्त जोखीम असते.

तिसरी गोष्ट, संधी आणि क्षमता यांत गल्लत न करणं. बैठ्या घरात राहणाऱ्या मुलाने जिनाच पाहिला नाही, तर ‘धरून पायऱ्या चढतो’ या ओळीपुढे फुली मारून उपयोग नाही. आरोग्य केंद्राच्या पायरीवर त्याला नेऊन बघावं.

आणि सगळ्यात अवघड, सांगणं. खोलीत बहुतेकदा आई आणि सासूबाई असतात. डॉक्टरांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द घरी जाऊन आईच्याच माथी मारला जाणार असतो. ‘तुमचं मूल मागे आहे’ हे एक वाक्य टाकून पुढचा पेशंट बोलावणारेही आहेत, आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून ‘काही नाही, होईल’ म्हणणारेही. दोघांनी त्या बाईला एकटं पाडलं. सरावाने जमण्यासारखं बोलणं साधारण असं असतं: ‘तो तुमच्याकडे बघून छान हसतो, पायांनी चपळ आहे. नावाने वळणं आणि बोट दाखवणं या वयाला दिसायला हवं होतं, ते दिसत नाही. आधी कान तपासून घेऊ. ही चिठ्ठी घ्या, जिल्ह्याच्या केंद्रात बुधवारी जा, आणि पंधरा दिवसांनी मला भेटा. तुमचं काही चुकलेलं नाही.’ यात रोगाचं नाव नाही. पण काय दिसलं, पुढे काय करायचं आणि कधी, एवढं सगळं आहे. प्रशिक्षणात हे संवाद एकमेकांसमोर बोलून बघायला लावतात तेव्हा पन्नाशीचे डॉक्टरही अडखळतात म्हणे. साहजिक आहे, कॉलेजात कुणी हे बोलायला लावलं नव्हतं.

‘पंधरा दिवसांनी भेटा’ हेसुद्धा शिकवावं लागतं. चिठ्ठी दिली म्हणजे मूल केंद्रात पोचलं असं नव्हे. एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी, घरच्यांचा नकार, काहीही आड येतं. त्यासाठी चिठ्ठी दिलेल्या मुलांची वही आणि महिन्यातून एकदा फोन एवढं पुरतं.

म्हणून चांगल्या प्रशिक्षणाचा मोठा भाग नंतर चालतो: खऱ्या मुलासमोर कुणीतरी शेजारी बसून चुका दाखवतं, मग महिनोन्‌महिने व्हिडिओवरून अडलेल्या केसेसवर चर्चा होते. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये यकृताच्या आजारासाठी सुरू केलेली ‘एको’ पद्धत याच धर्तीची. पुढे मिसूरी विद्यापीठाने ती ऑटिझमसाठी वापरली आणि गावोगावच्या डॉक्टरांना तज्ज्ञांशी जोडलं.

आपल्याकडे यंत्रणा आहे का?

आहे, आणि तिची सुरुवातच महाराष्ट्रात झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मतः व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब अशा चार गटांतल्या सुमारे ३० गोष्टी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये शोधायच्या, हे त्याचं काम. दोन आयुष डॉक्टर (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे शिकलेले), एक नर्स किंवा एएनएम (आरोग्यसेविका) आणि एक फार्मासिस्ट असं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं. सापडलेली मुलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायची. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत अशी रचना आहे. आशाताईंच्याही २०१८ पासून बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांत घरभेटी ठरलेल्या आहेत. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर सगळ्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी करायला सांगतो.

कागदावर साखळी पूर्ण आहे. पण पथकाला एका दिवसात बघायची मुलं, केंद्रातली रिकामी पदं आणि प्रशिक्षित माणसाची दुसरीकडे होणारी बदली, यातली एकही कडी ढिली असली की साखळीचा उपयोग संपतो. माता-बाल संरक्षण कार्डावर टप्प्यांची चित्रं छापलेली असतात. आपल्या घरातलं कार्ड काढून बघा, लसींचं पान भरलेलं असेल आणि चित्रांचं पान कोरं असण्याची शक्यता जास्त.

चाळण चुकली तर?

चुकणारच, हे आधी मान्य करू. देशात पाच ठिकाणी २ ते ९ वयाच्या सुमारे चार हजार मुलांची सविस्तर तपासणी झाली होती, त्यात आपला उत्तर गोवाही होता. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार जवळपास १२ टक्के मुलांमध्ये ऐकण्याची अडचण, अपस्मार (फिट येणं), बौद्धिक अडचण, ऑटिझम, शिकण्यातली अडचण अशांपैकी किमान एक गोष्ट आढळली.

सोयीसाठी १०० मुलांत १२ जणांना अडचण आहे असं धरू. समजा चाळण ७५ टक्के अचूक आहे, विकासाच्या चाचण्यांत हे चालण्यासारखं मानतात. ती १२ पैकी ९ पकडेल, ३ सोडेल. उरलेल्या ८८ ठीक मुलांपैकी २२ जणांनाही अडवेल. म्हणजे ‘पुढे तपासा’ असं सांगितलेली ३१ मुलं, आणि खरी अडचण ९ जणांना. हे गणित ज्याला माहीत नाही तो ३१ घरांत धसका बसवेल. ज्याला माहीत आहे तो सांगेल, ‘यात बहुतेक मुलं ठीक निघतात, पण बघून घेऊ.’ सुटलेल्या तिघांसाठी चाळण एकदाच न लावता पुन्हा पुन्हा लावायची, आणि मधल्या काळात आईचं ऐकायचं.

उपचारच नसतील तर शोधून काय करणार?

हा सगळ्यात वजनदार आक्षेप. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी चाळणीच्या कसोट्या लिहिल्या, त्यातच ‘निदान आणि उपचाराची सोय असावी’ ही एक आहे. कॅनडाच्या तज्ज्ञ मंडळाने २०१६ मध्ये, ज्यांच्याबद्दल कुणालाच काही शंका नाही अशा १ ते ४ वर्षांच्या मुलांना सरसकट विकासाची चाळण लावू नका, असा सल्ला दिला. फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यांना मूर्खात काढायचं कारण नाही. मात्र आईला काळजी वाटते, डॉक्टरांना काही खटकतं, अशा मुलांना त्यांचा हा सल्ला लागूच नाही.

आपल्याकडे चित्र निराळं आहे. उशिरा बोलणाऱ्या मुलामागे कमी ऐकू येणं असू शकतं, थायरॉइडची कमतरता असू शकते, आणि अंगात रक्त कमी असणंही विकासावर सावट टाकतं. यांवर उपाय आहेत, पण त्यासाठी कुणीतरी आधी थांबून बघायला हवं. थेरपिस्ट नाहीत म्हणाल तर गोव्यात आणि रावळपिंडीत ऑटिझम असलेल्या ६५ मुलांच्या पालकांसोबत एक प्रयोग झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाशी खेळताना त्याच्या कलाने कसं घ्यायचं ते दाखवलं. पालकांचं वागणं मुलाच्या लयीशी जुळू लागलं आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं नाही, दोघांनी मिळून एका गोष्टीत लक्ष देण्याचा वेळ उलट कमी झाला. तरीही तज्ज्ञ नाहीत म्हणून हात बांधून बसायची गरज नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

परदेशी टप्पे आपल्या मुलांना का लावायचे?

शंका रास्त आहे. काट्याचमच्याबद्दलचा प्रश्न हाताने वरणभात खाणाऱ्या मुलाला विचारून काय मिळणार? पण मूळ टप्पे फारसे परके नसतात. तुर्कस्तानच्या डॉ. इल्गी एर्तेम यांच्या पुढाकाराने अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान इथल्या तीन वर्षांपर्यंतच्या सुमारे पाच हजार निरोगी मुलांचा अभ्यास झाला, भारतातलं काम मुंबईच्या ‘उम्मीद’ संस्थेने केलं. बहुतेक टप्पे चारही देशांत जवळपास सारख्याच वयात आले. यातली पद्धतही आपल्याकडे रुजण्यासारखी आहे. हो-नाहीच्या प्रश्नांऐवजी आईला मोकळेपणी विचारतात: बाळ काय हवं ते कसं सांगतं, काय समजतं, हातपाय कसे चालवतं, माणसांशी कसं वागतं, काय खेळतं.

ओपीडीत वेळ कुठाय?

सरकारी वेळापत्रकात नवव्या महिन्याला गोवर-रुबेलाची लस आहे आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस आणि बूस्टर. म्हणजे चाळणीच्या पहिल्या दोन वेळांना मूल दवाखान्यात येतंच. लसीनंतर अर्धा तास थांबवून ठेवतातच, त्या वेळात प्रश्नावली भरून होते. वाचता न येणाऱ्या आईला नर्सने वाचून दाखवावी. अडतं ते तिसाव्या महिन्याला, तेव्हा लस नसते. माझ्या मते तिथे अंगणवाडी आणि प्लेग्रुपच्या प्रवेशाचा उपयोग करायला हवा, प्रवेशासाठी मुलाखत घेण्यापेक्षा तो कितीतरी कामाचा.

शिक्का बसेल त्याचं काय?

विलंब दिसला की रोगाच्या नावाची वाट न बघता काम सुरू करता येतं. बोलण्याचे खेळ, बसण्याचा व्यायाम, कानाचं यंत्र, यांतल्या कशालाच आधी ‘ऑटिझम’ किंवा दुसरं काही लिहून आणावं लागत नाही. पहिलीत ‘ढ’ म्हणून बसणारा शिक्का मात्र कुणालाही न विचारता बसतो.

आईबाबांनी आज काय करायचं?

नवव्या आणि अठराव्या महिन्याच्या लसीला गेलात की स्वतःहून म्हणा, ‘डॉक्टर, विकासाची तपासणी पण करून द्या.’ सांगताना ‘सगळं करतो’ असं न म्हणता तो नेमकं काय करतो ते सांगा. शक्य असेल तर घरी खेळतानाचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्या, दवाखान्यात मूल आपलं खरं रूप दाखवत नाही.

तीन महिन्यांपर्यंत हसून प्रतिसाद नाही, चार-पाच महिन्यांना मान धरत नाही, नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही, वर्षाला बडबड नाही की खाणाखुणा नाहीत, दीड वर्षाला चालत नाही किंवा एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांना ‘बाबा ये’, ‘दूदू दे’ असे दोन शब्द जोडत नाही, यातलं काहीही असलं तर पुढच्या लसीची वाट बघू नका. आधी बोलायचं, हसायचं आणि आता बंद झालं, असं असेल तर कुठल्याही वयात त्याच आठवड्यात दाखवा. बोलण्याची तक्रार असली की मूल आवाजाकडे वळतं असं वाटलं तरी कानांची यंत्रावरची तपासणी करून घ्या. एका कानाने किंवा काही सुरांपुरतं ऐकणारी मुलंही दारावरच्या बेलकडे वळतात.